बोर्डाच्या खिळ्याला टांगलेली जळती दोरी

प्रति,
मॅनेजर साहेब श्री. मुकुंदराव,
नवरंग क्लॉथ मार्केट कमिटी,
चिकपेट, बेंगळूर.

विषय : मागच्या जिन्यातली बिडी पेटवायची दोरी सोमवारच्या आत काढण्याबाबत.
संदर्भ : कमिटीचा जून १९९७ चा धूम्रपान मनाईचा हुकूम आणि माझ्या तीन तोंडी तक्रारी.

महोदय,

मी खंडोजी, तिसऱ्या मजल्यावरचा टेलर. मशीनच्या मागंच खोलीत राहतो. शाळा चौथीपर्यंत. कन्नड अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो. आपण मराठी, म्हणून हा माझ्या हातानं लिहिलाय.

कमिटीनं जिन्यात मनाईचा बोर्ड ठोकला, बरं वाटलं. पण जिन्यालगतचा पान-बिडीचा पेटी-दुकानवाला गुरुराज त्याच बोर्डाच्या खिळ्याला काथ्याची दोरी टांगतो. टोक दिवसभर धुमसतं. हमाल, गिऱ्हाइकं त्यावर बिडी पेटवतात आणि तिथंच उभं राहून ओढतात. बोललो तर गुरुराज म्हणतो, "अण्णा, बोर्ड माणसांसाठी. माझ्या दोरीला वाचता येत नाही." पहिल्यांदा मलापण हसू आलं, खोटं कशाला सांगू.

आपला तपासणीवाला शुक्रवारी अकराला येतो हे सगळ्या मार्केटला ठाऊक. पावणेअकराला दोरी बादलीत, साडेअकराला परत खिळ्याला. गेल्या खेपेला तो लवकर आला, तर त्यानंच दोरीवर सिगरेट पेटवली. मला म्हणतो, "स्वल्प अॅडजस्ट करा."

परवा मंगळवारी मी दोरी कापली. काल नवी आली, दुप्पट लांब, आणि चार हमाल माझ्या दारात. परत हात लावलास तर मशीन जिन्यावरनं खाली जाईल, असं सांगून गेले.

आता मुद्द्याचं. माझी बायको विठाबाई दम्यानं चोवीस दिवस आस्पत्रीत आहे. सोमवारी घरी सोडतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता धूर छातीत गेला तर परत इथवर आणायला वेळ मिळेलच असं नाही. तीस वर्षं मी खोलीत बिडी ओढली. तिच्या छातीतला अर्धा धूर माझा. आता सोडली, पण लोकांना बोलताना मान खाली जाते. तरी बोलतो.

वर यायला दुसरी वाट नाही, पुढचा जिना गाठोड्यांनी भरलाय. ती चार पायऱ्या चढते आणि थांबते. पहिला थांबा बरोबर त्या बोर्डाखाली येतो.

तेव्हा सोमवारी दहाला आपण स्वतः तिथं तासभर उभं राहावं. आपल्यासमोर कोण पेटवत नाही. तेवढं जमत नसेल तर बोर्ड तरी काढून न्या, खिळा तरी जाईल. काहीच झालं नाही तर मी तिला पाठीवर घेऊन न थांबता चढणार. माझं वय एकसष्ट. काल तिला सांगितलं, तर म्हणाली, "मी श्वास धरून ठेवते, तुम्ही पडू नका."

साहेब, पायऱ्या छत्तीस आहेत.

आपल्या उत्तराकडं डोळे लावून बसलेला,
के. खंडोजी राव, टेलर
गुरुवार, १३ नोव्हेंबर १९९७

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी. वाचून परत द्यावी, सोमवारी आस्पत्रीत दाखवायची आहे.