भिंगरीची कमाई

बाबा,

मला शाळेत बोलावलंय, म्हणून तुम्ही फिरून यायच्या आत निघाले. भिंगरीला आहे त्याच वर्गात ठेवायचं की नाही, ते आज ठरणार आहे. तिला यातलं काही कळू देऊ नका. उठली की दूध द्या आणि मग गणिताला बसवा.

काल उदाहरण अर्धवट टाकून ती खिडकीकडे पळाली, तेव्हा तुम्ही तिच्या बरणीतली सगळी बटणं काढून घेतलीत. राग येणारच, मलाही येतो. पण बाबा, एकेक बटण तिने जागेवर बसून मिळवलं होतं. मिळवलेलं कधीच काढून घ्यायचं नाही, असं तिच्या समुपदेशक बाईंनी बजावलंय. मी बरणी पुन्हा भरून ठेवली आहे.

आज एका वेळी एकच उदाहरण द्या. सुटलं की लगेच बटण टाका आणि नेमकं काय जमलं तेही सांगा, म्हणजे "आज हातचा विसरली नाहीस हं!" असं. मध्येच उठली तर घरात एक चक्कर मारू द्या. तुम्हाला ही लाच वाटते, ठाऊक आहे मला. पण ओरडून आपण वर्षभर पाहिलं. त्यातून ती फक्त वही लपवायला शिकली.

खरं तर आज शेजारच्या काकूंना बसवणार होते. झोपताना तिला विचारलं, तर म्हणाली, "काकू नकोत. आजोबा रागावतात, पण मला सोडून उठून जात नाहीत."

बेबी