नववीच्या वर्गातले लढाईचे शब्द

१६ नोव्हें. ६२, बोरी अरब
सुटीनंतर शाळा भरली. पोरं चीनच्या लढाईचंच विचारतात. पेपरातले शब्द कळत नाहीत म्हणे. हेडमास्तर म्हणाले, इतिहासाच्या तासाला रोज थोडे घ्या. आज आघाडी, पिछाडी, कुमक, रसद. रसद सांगताना आघाडीवरचा आमचा दौलत आठवला. गरम कपडे अजून पोचले नाहीत, असं शेवटच्या पत्रात होतं. तेवढी ओळ सरजाला वाचून दाखवली नव्हती. आईच ती.

२० नोव्हें.
आज 'माघार'. व्याख्या मीच केली: सैन्य शिस्तीने मागे घेणे, पळ नव्हे. पोरांनी उतरवून घेतली.

२२ नोव्हें.
लढाई थांबली. सरजा विहारात मेणबत्ती लावून आली. "आता सुटी देतीन त्याले," म्हणाली.

११ डिसें.
तार आली. इंग्रजीत, तीन ओळी. दोनदा वाचली. सरजा चुलीपासून उठून आली. बेपत्ता आहे, म्हणालो.
"म्हंजे?"
वर्गात सांगतो तसं सांगता येईना. सापडत नाही, म्हणालो.
"मंग शोधतीन ना." आणि भाकर उलटायला गेली.

१४ डिसें.
रजा घेतली नाही. एका मुलीने विचारलं, गुरुजी, बेपत्ता आणि युद्धकैदी यात फरक काय? तिला आमच्या घरचं ठाऊक नव्हतं. सांगितला. कैद्याचं नाव निदान शत्रूच्या यादीत असतं. उरलेला तास नकाशा काढायला लावला.

१५ डिसें.
भरतीचा फॉर्म मीच भरला. सरजा नको म्हणत होती. मी दौलतला म्हणालो, माझ्या बापाला या गावात चावडीवर बसता आलं नाही, तू वर्दी घालून ये. आला. पहिल्या रजेत त्याला मुद्दाम भर बाजारातून घरी आणला. लोक वळून बघत होते. केवढा मिरवलो मी

९ मे ६३
कैदी सुटून येऊन राह्यले. यादीत दौ. नाही. त्याच्या पलटणीतला एक जवान महागावला परतला असं कळलं, म्हणून एस.टी.ने गेलतो. पायाची बोटं बर्फाने गेलेली. उठायला लागला, मीच बसवलं. मागे फिरायचा हुकूम आला, म्हणाला. शिस्तीने फिरलात ना, मी विचारलं. तो माझ्याकडे पाहतच राहिला.
"कायची शिस्त, गुरुजी? ज्याले जिकडे वाट भेटली तिकडे पयालो."
दौलत मात्र मशीनगनपाशी थांबला. कोणी थांबवलं नव्हतं.
"मले म्हणे, तू हो पुढे, मी आलोच."
मागून फैरी ऐकू येत होत्या, मग थांबल्या. मेलेला पाहिला का? नाही, म्हणाला, आणि रडायला लागला. त्याच्या आईने दोघांना चहा दिला. तो गार झाला.

सरजाला फक्त "मी आलोच" एवढंच सांगितलं. चूक केली.

२ जुलै
ती पोरं आता दहावीत. वर्गात जाऊन 'माघार'ची व्याख्या खोडायला लावली. मग काय लिहू, गुरुजी? काही लिहू नका, म्हणालो.

१९ जाने. ६४
सरकारी कागद: 'मृत समजण्यात येत आहे.' वाचून दाखवला.
"कोण समजून राह्यलं? मी त नाही."
हेडमास्तरांना शाळेच्या व्हरांड्यात दौलतच्या नावाचा फलक हवाय. सव्वीसला कलेक्टर येणार. मी हो म्हणालो. घरी सांगितलं नाही.

२५ जाने.
तिला कळलंच. दुपारी शाळेत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पेंटरने फलकावर दौलतचं नाव लिहिलं होतं, त्याआधीची जागा मोकळी. काय लिहिलं, तिने त्याला विचारलं. "दौलत," तो म्हणाला. "त्याच्या आधी 'हुतात्मा' लिहाचं हाय, माय."
"तेवढं राहू दे," म्हणाली, आणि पायरीवर बसली.
हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, गुरुजी, तुम्ही समजवा. पेंटरला चहाला पाठवलं. तिच्याजवळ जाऊन बसलो. समजवायचं सोडून दिलं.
पेंटर येऊन गेला. उद्या सातला परत येतो, म्हणाला, काय ते सांगा.