वादळानंतरचं पेव

आबा, सकाळपासून समुद्रातल्या चक्रीवादळाच्या बातम्या चालू आहेत. शेजारची सून विचारायला आली, "आजी, काय काय काळजी घेऊ?" मी तिला तुमचंच सगळं सांगितलं. पत्र्याच्या खोलीत बसू नका, झाडाखाली थांबू नका, वारा थांबला म्हणून लगेच बाहेर धावू नका, पडलेल्या तारेला हात लावू नका. "आजी, तुम्हाला किती माहीत आहे," असं ती कौतुकानं म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

साठ सालानंतर एक-दोन वर्षं गेली असतील. सांगलीजवळ नदीकाठी आपण राहत होतो आणि तुम्ही हळदीच्या पेवांवर कामाला होता. जमिनीत दोन-तीन पुरुष खोल खणलेली ती पेवं, हळद भरून वरून तोंड लिंपलेली. बंद पेवातली हवा माणूस मारते, म्हणून उघडल्यावर आधी पेटता कंदील दोरीनं आत सोडायचा. तो विझला तर उतरायचं नाही. बाकीच्या हमालांना एवढा धीर नसायचा, ते तुम्हाला हसायचे. "भित्रा म्हना गड्यानू, पर रोज घरी जानारा म्हना," असं तुम्ही म्हणायचात आणि स्वतःच हसायचात.

मे महिन्यात ते वादळ आलं तेव्हा तुम्ही मला आणि आईला पत्र्याच्या घरातून अक्षरशः ओढत दगडी पंपघरात नेलंत. दाराच्या फटीतून आपलेच पत्रे उडताना दिसत होते. वारा थांबल्यावर आई बाहेर निघाली तर तुम्ही खेकसलात, "आजून न्हाई! तारा बगितल्याबिगर कुनी पाय टाकायचा न्हाई." घर गेलं, पण आपण तिघंही धड राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मला पेवावर नेलंत. एका पेवावरची माती वाहून तोंड उघडं पडलं होतं आणि आत पाणी झिरपत होतं, हळद कुजायला लागणार होती. सोबतचा हमाल म्हणाला, "आवं, काल येवढं वारं घुमलंय आत, समदी हवा धुऊन निघाली आसंल. उतरा की." तरी तुम्ही कंदील मागितलात. त्याची काच वादळात फुटली होती. उघडी ज्योत तशीच सोडायला सांगून तुम्ही दोरी माझ्या हातात दिलीत आणि स्वतः पोती ओढायचा दोर बांधायला बसलात. अर्ध्यावर गेला आणि कंदील विझला.

"इझला का गं?" तुम्ही पाठमोरेच विचारलंत. "वाऱ्यानं, का आतल्या हवंनं?"

कळलं नाही म्हटलं असतं, तर तुम्ही मला नवी काच आणायला बाजारात पिटाळलं असतं. आणि पलीकडच्या बांधावर पोरी पडलेल्या कैऱ्या वेचत होत्या. मी म्हटलं, "वाऱ्यानं, आबा." तुम्ही पेवात उतरलात. मी कैऱ्यांकडे पळाले. आरडाओरडा ऐकून परत आले तोवर तुम्हाला वर काढून चिखलात निजवलं होतं.

वादळानं माझा धनी नेला, असं आई मरेपर्यंत येईल त्याला सांगायची. मी शेजारी बसून मान हलवायची. एवढी वर्षं खोटं टिकवलं, आता खरं सांगून कुणाचं काय भलं होणार? माफीही कुणाकडे मागू? हा कागद मी चुलीत घालणार आहे.

त्या दुपारी वारा नव्हताच, आबा. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं, आणि ते मला दिसत होतं.