माझ्या नावाचं कुलूप

४ ऑक्टोबर २००३, खंडेनवमी

सुवर्णे, आधी तारीख घाल. काल विसरलीस. वही माझी, पण मला अक्षर येत नाही, म्हणजे लिहिणारी तू आणि उद्या वाचून दाखवणारीही तूच. दूध गॅसवर ठेवून तासाभराने ‘करपल्याचा वास कुठून येतोय’ असं विचारणारी नात मी मुद्दाम निवडली आहे. तुला सांगितलेलं बाहेर जात नाही, कारण ते आतही राहत नाही.

माझा लेक मोतीराम आणि त्याचा पोरगा ज्ञानेश झेंडू घेऊन पंचवटीच्या बाजारात. दसऱ्याचा बाजार, उद्या अंधार पडेतो घरी नाहीत. हत्यारं मीच पुजली. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, आणि यंदा ज्ञानेशचा कॉम्प्युटर. तो चालूच होता, दिवा लुकलुकत होता. चालत्या हत्याराला हळदकुंकू लावत नाहीत, आज त्याने विसावा घ्यायचा असतो. बटण दाबलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

संकल्प: घरातल्या यंत्रांकडे इथून पुढे मी बघणार.

५ ऑक्टोबर, दसरा

सकाळी बटण दाबून कॉम्प्युटर उठवला. दिवा लागला. एवढ्यासाठी पोरं चार वर्षं इंजिनिअरिंगला बसतात.

६ ऑक्टोबर

ज्ञानेशचं तोंड उतरलंय. विचारलं तर सांगेना. मग सांगितलं. कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर चालतो त्या सिस्टिमचा सोर्स कोड जगभरची माणसं मिळून लिहितात म्हणे. कोणी, कधी, काय बदललं, सगळं नोंदून ठेवतात. त्याची अख्खी नक्कल आपल्या घरी आहे, तिला रेपॉझिटरी म्हणतात. ज्ञानेशने त्या कोडातली एक खोड दुरुस्त केलीय. बंगलोरचे एक साहेब म्हणाले, शुक्रवारी दुपारपर्यंत दुरुस्ती पाठव, मग नोकरीचं बोलू. पण पाठवण्याआधी ती ताज्या कोडाशी ताडून बघायची, आणि रेपॉझिटरी उघडत नाही. पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा: गोजराच्या कुलुपाची वाट पाहतोय.

गोजरा म्हणजे मी. घरातलं मोठं माणूस म्हणून ज्ञानेशने माझ्या नावाचं खातं काढलंय. रेपॉझिटरी ताजी करायचं काम रोज त्या नावाने आपोआप चालतं. आत कोणी लिहीत असलं की ते दाराला कुलूप लावतं, म्हणजे दुसऱ्याने मधे हात घालू नये. काम झालं की आपणच काढतं.

मी म्हटलं, मी आत नाही, मी इथे लसूण सोलतेय.

७ ऑक्टोबर

ज्ञानेशने अंबडच्या कारखान्यात रजा टाकली. चालू कॉम्प्युटरच्या मागच्या फोनच्या तारा काढल्या, पुसल्या, घातल्या. कुलूप आहे तिथेच. मग घरात सगळ्यांना विचारलं, खरं सांगा, मशीन कोणी बंद केलं होतं का? मधेच बंद झालं असेल तर ते कुलूप नुसतं पडून राहिलंय, काढून टाकता येईल. पण आत खरंच कोणी लिहीत असेल आणि मी तोडलं, तर सगळ्या नोंदी बिघडतील.

मी नाही म्हणाले. खोटं कुठे आहे? बंद पाडणं वेगळं, विसावा देणं वेगळं. बैलाला पोळ्याला जुंपत नाहीत, तेव्हा बैल बंद केला म्हणतात का?

सुवर्णे, वर बघू नकोस. लिही.

८ ऑक्टोबर

ज्ञानेश भाकरी अर्धी टाकून उठला. मोतीराम म्हणाला, तोड की ते कुलूप, काय व्हायचं ते होईल. मी म्हटलं, खबरदार. माझ्या नावाचं आहे, मी सांगीन तेव्हा निघेल. उगाच लोकांचं काम बिघडवायचं का?

दुपारी एकटीच कॉम्प्युटरपुढे पाट टाकून बसले. मी गोजरा, माझी काही हरकत नाही, असं स्वच्छ सांगितलं. तीच ओळ. या यंत्राला मोठ्यांचा मान कळत नाही.

९ ऑक्टोबर

ज्ञानेश जुन्या सीड्यांवरून सगळा कोड पुन्हा उतरवतोय. पण त्या सीड्या उन्हाळ्यातल्या. पुढचे बदल फोनवरून आणायचे, तर आमची लाइन बैलगाडीच्या चालीची. फोन दिवसभर अडकलेला. फुलांचा व्यापारी दारात येऊन ओरडून गेला.

संकल्प: उद्या काही झालं तरी मी यातून मार्ग काढणार.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मार्ग ज्ञानेशने काढला. किती वेळापासून चालू आहोत हे कॉम्प्युटर स्वतःच सांगतो म्हणे. मला आधी कोणी बोललं नाही. कॉम्प्युटर म्हणाला, दसऱ्याच्या सकाळपासून. ज्ञानेश म्हणाला, आजी, दसऱ्याच्या सकाळी मी पंचवटीत होतो. मग तो कॉम्प्युटरच्या डोक्यावरच्या हळदकुंकवाकडे बघत बसला. खंडेनवमीपासून ते तिथेच होतं, बघितलं नाही त्यात माझा दोष नाही.

कुलूप काढायला त्याला शिंक यायला लागतो तेवढाच वेळ लागला. आत काही बिघडलं नव्हतं. पण ताजा कोड उतरवून, ताडून दुरुस्ती गेली तेव्हा संध्याकाळची गुरं घरी येत होती.

मी म्हटलं, बघ, मी तोडू दिलं नाही म्हणून सगळं शाबूत राहिलं.

१२ ऑक्टोबर

साहेबांचं उत्तर आलं. दुरुस्ती चांगली आहे, पण तीच दुरुस्ती गुरुवारी दुसऱ्या कोणाकडून पोचली. त्याला घेतलं. पुन्हा जागा निघाली तर कळवू.

मोतीराम माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, त्या दुसऱ्याच्या घरात खंडेनवमी पाळत नसतील. कोणी हसलं नाही. ज्ञानेश म्हणाला, जाऊ दे आजी, आणि वाफ्यात गेला. जाताना कॉम्प्युटरच्या बटणावर चिकटपट्टी लावून गेला. पुढच्या वर्षीही मी पूजा करणारच. पट्टीवरून करीन.

तो सकाळपासून वाफ्यात झेंडू खुडतोय. बाजार झाला, फूल उरलेलं नाही, तरी खुडतोय.

सुवर्णे, पेन ठेव आणि त्याला जेवण पाठव. बाजरीची भाकरी, ठेचा, आणि पिठलं वेगळं बांध, नाहीतर भाकरी ओली होते. मी पाठवलं म्हणून सांगू नकोस. माझं नाव आलं की तो वाट बघत बसतो. भाकऱ्या दोन नको, तीन घाल.