ओरछा गेटच्या घराचे मागचे दार

मी, विद्याधर गजानन धारपुरे, वय चौपन्न, हुद्दा पोलीस इन्स्पेक्टर, राहणार ओरछा गेट, झाशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना लिहीत आहे. शेवटचे शब्द वकील संभाजीराव यांनी घालायला लावले. उभी नोकरी दबावाखाली गेलेल्या माणसाला दबाव नसला की काही सुचत नाही, त्यामुळे मसुद्याला वेळ लागला. परवा माझ्या पित्ताशयातले खडे काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "मामूली ऑपरेशन है, दरोगाजी." मीही लोकांना "मामूली पूछताछ है" असे सांगूनच ठाण्यात नेत आलो आहे. म्हणून हा कागद.

१. बँकेत जे असेल ते पत्नी शारदा हिचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा बरे ठाऊक आहे.

२. माझी शिट्टी पुतण्या श्रीकृष्ण यास. तो झाशीजवळच्या मोठ गावी कारकून आहे आणि साहेब समोर आले की त्याचा आवाज बंद होतो. उपयोग होईल.

३. भिंतीवरचे प्रशस्तिपत्र उतरवून वरातीच्या वेळच्या कप्तान साहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांना, पाठवावे. त्यावर 'दबावाच्या प्रसंगी त्वरित निर्णय' असे छापले आहे. त्या प्रसंगी साहेबांनी वायरलेसवर दिलेला संपूर्ण हुकूम असा होता: "परिस्थिती देखकर अपने विवेक से निर्णय लीजिए. ओवर." आमच्या खात्यात विवेक खालच्याचा असतो आणि पदक वरच्याचे. पदक त्यांना मिळालेच आहे, फ्रेमही असू द्या.

४. आता घर. ते निम्मे माझे, निम्मे माझी थोरली बहीण भानुमती अक्का हिचे. स्वयंपाकघराला मागल्या गल्लीत उघडणारे दार आहे. श्रीकृष्णाला ते बुजवून कपाट करायचे आहे. अक्काचे मत मला माहीत नाही, कारण वरातीच्या त्या संध्याकाळपासून ती माझ्याशी बोललेली नाही. बोलते ती शारदेमार्फत. "शारदे, दरोग्याला सांग, आमटी निवतेय." मी समोर पाटावर बसलेला असतो. ऑपरेशनपूर्वी तिने एकदा सरळ बोलावे एवढीच माझी इच्छा आहे. संभाजीराव म्हणतात, असली इच्छा मृत्युपत्रात बसत नाही. मी बसवली आहे.

वरातीची हकीकत अशी. लगनसराईत आमच्याच दारासमोर दोन वराती समोरासमोर आल्या. एक मोठहून आलेली, दुसरी इलाइट चौराह्याकडची. गल्ली एका घोडीपुरती. नवरदेवाची घोडी माघारी फिरवणे अशुभ, हे दोन्हीकडे पक्के.

"दरोगाजी, हमाई घोड़ी नईं लौटहे!" मोठचा मामा.

"तो हमाई का लौटहे?" चौराह्याचा मामा.

दोन्ही मामांच्या खांद्यावर दुनळी बंदूक आणि दोन्ही मामांच्या पोटात दारू. माझ्या हाताशी दोन शिपाई, त्यांतला एक मोठच्या नवरदेवाचा मावसभाऊ निघाला. वायरलेसवर विवेक येऊन गेलाच होता. मी आमचे पुढले दार लाथेने उघडले आणि मोठची घोडी नवरदेवासकट घरात घेतली. ओसरी, चौक, स्वयंपाकघर, मागले दार. अक्का सोवळ्यात पुरणपोळ्या लाटत होती. मी ओरडलो, "बाजूला हो!" ती झाली. घोडीने जाता जाता पोळ्या उचलल्या, नवरदेवाचा सेहरा लोणच्याच्या फळीला अडकला, बँडवाल्याचा भोंगा चौकटीत रुतला तरी तो वाजवतच राहिला. गोळी सुटली नाही. मोठवाले म्हणतात आम्ही पुढे गेलो, चौराह्यावाले म्हणतात आम्ही हललो नाही. दोन्ही खरे.

अक्काचे सोवळे मोडले, ते मात्र भरून आले नाही.

५. सबब माझे निम्मे घर अक्काला. शारदेने त्यात तहहयात राहावे. मागले दार ठेवावे की बुजवावे, हे अक्काने आपल्या विवेकाने ठरवावे.

(येथवरचा मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवत असताना अडथळा आला. संभाजीराव म्हणाले, लिहू नका. मी पंचनामे लिहिलेला माणूस आहे, लिहितो.)

आतून आवाज आला, "शारदे, त्या दरोग्याला सांग..." आणि थांबला. मग अक्का स्वतःच बाहेर आली, हाताला पीठ.

"सोवळं? कोण म्हणालं सोवळं?"

"अक्का, मला वाटलं..."

"तुला वाटलं! आपलं कुलदैवत कोण रे?"

"खंडोबा."

"त्याचं वाहन काय?"

"घोडा," मी हळूच म्हणालो. झाशीभरचे गुंड ज्याला घाबरतात तो मी.

"घोडी पुरणाच्या दिवशी आपल्या चुलीपाशी आली, विद्या. मी कुंकवाला हात घातला, तर तू ओरडलास बाजूला हो! निम्मं घर माझं. मी समोर उभी. विचारलंस?"

"बंदुका होत्या गं."

"म्हणूनच विचारायचं. फळी मी सरकवून दिली असती. तिला ओवाळलं असतं, मग जाऊ दे नवरीकडे. आणि आता मेल्यावर विवेक माझ्या गळ्यात घालतोस?"

साक्षीदार कमलिनीबाई डोळे पुसू लागल्या. संभाजीराव हसले, त्याची वेगळी नोंद घेतली आहे.

६. कलम पाच दुरुस्त. दार राहील. ते बुजवू नये, हे मी अक्काला विचारून लिहीत आहे.

विद्याधर गजानन धारपुरे (सही)
साक्षीदार: संभाजीराव, वकील. कमलिनीबाई, शेजारीण.
झाशी, ता. ९ सप्टेंबर १९८७.

माझी संमती आहे. परवा मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसणार. डॉक्टरांनी आत काहीही ठरवण्याआधी बाहेर येऊन मला विचारावे.
भानुमती (सही)