आधी तू खा

काल भाकरी थापता थापता सुनंदा भोवळ येऊन चुलीपाशीच पडली. तिला सातवा महिना होता. फैजपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतं?"

"सगळ्यांचं झाल्यावर खाते मी," ती म्हणाली.

ही रीत तिला सासूनेच, कुंदाबाईनेच लावली होती.

आज जळगावला तपासायला पाठवलेल्या सुनेच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला कुंदाबाईला तिकडची पहिली एसटी धरायची होती. सुनंदा झोपलेली होती. कुंदाबाईने घाईघाईने चिठ्ठी लिहायला घेतली.

"सुनंदा, रिपोर्ट आणायला जाते. फडक्याखाली कळण्याची भाकरी, मेथीची भाजी आणि दूध ठेवलंय. नुसत्या चहावर राहू नको. तुझ्या सासऱ्यांच्या आधी तू खा. ते काही बोलले तर मी सांगितलंय म्हण. पाण्याला जाऊ नको."

रिपोर्टात काय निघेल याची तिला धास्ती होती. थोडं थांबून तिने खाली लिहिलं, "माझं पहिलं लेकरू सातव्यातच गेलं. तेव्हा मीही सगळ्यांच्या मागूनच जेवायची."

पंचवीस वर्षांत ती हे कुणाशी बोलली नव्हती. ओळ खोडायला तिने पेन टेकवलं, पण खोडली नाही. चिठ्ठी ताटाखाली सरकवून ती स्टँडकडे निघाली.