एक दिवा, दोन टेबलं

दि. ४ नोव्हेंबर

चि. ठमीस अ. उ. आ.

आशीर्वाद जरा वाकडेच पोचतील, कारण सकाळी उठलो तो मान डावीकडे फिरलेलीच. सरळ व्हायचं नाव घेत नाही. तुझी काकू म्हणते, उशी बदला. शेजारचा न्हावी म्हणाला, एक झटका देतो, कडकन मोकळी होईल. मी हात जोडून परत आलो.

तू लोकांच्या पाठी-माना सुधारतेस, तर या घड्याळजी काकालाही काही सांग. भिंग डोळ्याला लावलं की कळ थेट खांद्यात उतरते. काम थांबवलं तर म्हणतील, म्हातारा संपला. तेवढं मला ऐकायचं नाही. बाकी दुकानात सगळं ठीक.

लोभ आहेच, तो टिकव.
तुझे मोठे काका

दि. ११ नोव्हेंबर

ती. मोठ्या काकांना सा. न. वि. वि.

झटका नाकारलात, फार बरं केलंत. आखडलेला स्नायू घाबरलेला असतो. ओढला की आणखी आवळून धरतो. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल मानेवर ठेवा. मग दुखणार नाही तिथपर्यंतच मान सावकाश फिरवा आणि परत आणा. नुसते झोपून राहू नका. हाताला मुंग्या आल्या, ताकद कमी वाटली किंवा ताप आला, तर माझ्या पत्राची वाट न बघता डॉक्टरकडे जा.

आता खरं सांगा, तुमचं टेबल कुठे आहे? तुमचं आणि बाबांचं टेबल कायम समोरासमोर, मधोमध दिवा. विचारते अशासाठी, की याच आठवड्यात आणखी एका घड्याळजींचं पत्र आलं. त्यांची मान उजवीकडे फिरली आहे. टेबल भिंतीकडे वळवलंय, दिवा मागे राहिलाय, म्हणून दिवसभर मान मुरडून काम करतात. पेशंटचं नाव सांगायची आम्हाला मुभा नाही. एवढंच सांगते, की दुकानात सगळं ठीक असं तेही लिहितात, आणि मला ठमीच म्हणतात.

लोभ असू द्या, दोघांचाही.
तुमची ठमी

दि. २० नोव्हेंबर

चि. ठमीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हसलो आणि कळ आली. आता लपवण्यात अर्थ नाही. तुझ्या बाबाने गिऱ्हाईकासमोर माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. म्हणाला, दादा, तुमचा हात थरथरतो, मी बघतो. खोटं नव्हतं, म्हणूनच झोंबलं. मी टेबल भिंतीकडे फिरवलं, मग त्यानेही फिरवलं. दिव्याला मात्र दोघांनीही हात लावला नाही. तो वडिलांनी टांगलेला.

परवा दुकानात गेलो तर तुझा दुसरा पेशंट मफलर गुंडाळून बसलेला. मी माझ्या टेबलाचं एक टोक उचललं. त्याने येऊन दुसरं उचललं. दोघेही कण्हलो, मग त्याचंही टेबल फिरवलं. आता बारीक स्क्रू तो बसवतो, आणि टिकटिक ऐकून बिघाड कुठे ते मी सांगतो. त्याच्याशिवाय दुकानात जीव रमत नव्हता, हे त्याला सांगू नकोस.

टॉवेल चालू आहे. मान अजून पुरती वळत नाही, पण तो समोरच बसतो, त्यामुळे अडत नाही.

लोभ वाढव.
तुझे मोठे काका

ता. क. ठमे, पत्र टाकायला दादांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. काल स्क्रू बसवताना माझाही हात हलला. दादांनी पाहिलं, आणि खाली बघून कितीतरी वेळ भिंग पुसत बसले.
बाबा